कॅम्पर ट्रेलरचं वायरिंग: किती करायचं आणि कुठे थांबायचं

घरी कॅम्पर ट्रेलर बांधायला घेतला की सांगाडा, प्लायवूड, पत्रा, दारं-खिडक्या इथपर्यंत कामाला एक लय असते. वायरिंगशी आलं की ती बिघडते. काही जण "दोन दिवे लागले की झालं" म्हणत हाताला लागेल ती वायर ओढतात आणि भिंत बंद करून मोकळे होतात. काही जण व्हिडिओ बघून बघून विमानाच्या कॉकपिटला लाजवेल असा स्विचबोर्ड आखतात, आणि ट्रेलर वर्षभर अर्धवट उभा राहतो.

गफलत दोन्हीकडे एकच असते. भिंतीआड जाणारं काम आणि भिंतीबाहेर राहणारं सामान एकाच मापाने मोजलं जातं. वायर आणि पाईप एकदा आत गेले की पुन्हा हात घालायचा तर पॅनल उचकटावं लागतं. बॅटरी, सोलर पॅनल, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करणारी पेटी), फ्रिज हे कधीही बदलता येतं. म्हणून माझा हिशोब असा: भिंतीआड हात सैल सोडा, भिंतीबाहेर आखडा.

एक गोष्ट आधीच बाजूला काढू. ब्रेक लाइट, इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा हे ओढणाऱ्या गाडीच्या सॉकेटवरून चालतात. त्यांचं वायरिंग आतल्या वायरिंगपासून पूर्ण वेगळं ठेवा. आतल्या पंख्यात काही बिघडलं म्हणून रस्त्यात ब्रेक लाइट जाता कामा नये. इथून पुढे बोलायचंय ते फक्त मुक्कामाच्या विजेबद्दल.

पायरी १: आधी मुक्काम कसा करणार ते ठरवा

वायरला हात लावण्याआधी कागद घ्या. एका जागी सलग किती रात्री राहणार? तिथे विजेचा प्लग मिळणार की रानातच थांबणार? जेवणाचं सामान बर्फाच्या पेटीत भागेल की फ्रिज हवाच? कुणाला रात्री श्वासासाठी मशीन लावावं लागतं का? लॅपटॉपवर काम करायचंय का?

यातला फ्रिजचा प्रश्न सगळ्यात मोठा. त्याचं उत्तर "नाही" असेल तर निम्मं वायरिंग तिथेच गळून पडतं. कसं ते पुढच्या पायरीत आकड्यांनिशी दिसेल.

पायरी २: दिवसाचा हिशोब वॅट-तासांत मांडा

प्रत्येक वस्तूचे वॅट गुणिले ती दिवसाला किती तास चालते. बस, इतकंच गणित आहे. एक साधा नमुना घेऊ. ३ वॅटचे चार एलईडी दिवे चार तास लावले तर ४८ वॅट-तास. १५ वॅटचा छोटा पंखा रात्रभर, म्हणजे आठ तास, १२० वॅट-तास. दोन मोबाइल मिळून साधारण ३०. पाण्याचा पंप ६० वॅटचा असला तरी दिवसभरात मिळून दहाच मिनिटं चालतो, म्हणजे १०. एकूण २०८ वॅट-तास. १२ व्होल्टने भागलं की सुमारे १७ अँपिअर-तास.

आता यात कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा फ्रिज घाला. तो चालू असताना ४५ वॅटच्या आसपास घेतो आणि बऱ्यापैकी गरम हवेत दिवसाचा साधारण ४० टक्के वेळ चालतो असं धरू. ४५ गुणिले २४ गुणिले ०.४, म्हणजे ४३२ वॅट-तास. बाकी सगळ्याच्या दुपटीहून जास्त, एकट्याचा. एकूण आकडा ६४० वर जातो, म्हणजे ५३ अँपिअर-तास.

हा आकडा बॅटरीसमोर ठेवून बघा. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, त्यामुळे हाताशी खरे ५०च. फ्रिज नसेल तर ती जवळजवळ तीन दिवस काढते, फ्रिज असेल तर एक दिवसही धड नाही. तेवढ्याच क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे १२८० वॅट-तास असतात आणि त्यातले ९० टक्के बिनधास्त वापरता येतात. फ्रिज धरूनही पावणेदोन दिवस निघतात, तेही सोलर नसताना.

हिशोब मांडताना दोन मोह होतात. एक, "लागलं तर असावं" म्हणून घरातली प्रत्येक वस्तू यादीत घालायची. दुसरा, पंपासारख्या वस्तूंचे वॅट बघून घाबरायचं आणि तास बघायचेच नाहीत. दिवसाची बॅटरी तासांमुळे संपते. वॅट किती, यावर वायरची जाडी ठरते.

पायरी ३: आपली पातळी निवडा

पहिली पातळी: वायरिंगच नको. चार्ज होणारे कंदील, एक पॉवर बँक, झालं. एक-दोन रात्रींच्या भटकंतीला हे पुरतं. कुणी याला हसेल, हसू द्या. याच्याच जरा पुढचं म्हणजे तयार पॉवर स्टेशन: बॅटरी, चार्जर, इन्व्हर्टर, यूएसबी सगळं एका पेटीत. फ्रिजसकट चालतं, घरी आणून चार्ज करता येतं. वायरिंगची मनापासून भीती वाटत असेल तर हा पळपुटेपणा नाही, शहाणपणाचा पर्याय आहे. अडचण एकच, आतला एक भाग गेला की अख्खी पेटी दुरुस्तीला.

दुसरी पातळी: एक बॅटरी, फ्यूजचा बॉक्स, दिवे, पंखा, यूएसबी, पंप. घरी परतल्यावर भिंतीतल्या प्लगवर चार्जर लावून बॅटरी भरायची. घरी बांधलेल्या बहुतेक लहान ट्रेलरांना याहून जास्त लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी पातळी फ्रिजपाशी सुरू होते. फ्रिज आला की बॅटरी रोज भरण्याची सोय लागते. सोलर हा एक मार्ग. १०० वॅटचा पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला ३०० ते ४०० वॅट-तास देतो, पण सावलीचा एक पट्टा जरी आला तरी उत्पादन धाडकन पडतं. आणि मुक्काम आपण करतो झाडाखाली! म्हणून छतावर पॅनल ठोकण्यापेक्षा लांब केबलचा, घडी घालून उन्हात नेऊन ठेवता येणारा पॅनल मला जास्त पटतो. सोलर चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला झेपेल अशी करणारी पेटी) जोडताना आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, काढताना उलट.

दुसरा मार्ग ओढणाऱ्या गाडीच्या अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर वीज बनवणाऱ्या भागाचा. इथे बरेच जण फसतात. ट्रेलरच्या काही प्रकारच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये चार्जिंगची पिन असते खरी, पण तिथवर येणारी वायर बारीक आणि लांब, त्यामुळे पोचेपर्यंत व्होल्टेज इतकं पडतं की बॅटरी पूर्ण भरतच नाही. नीट करायचं तर गाडीच्या बॅटरीपासून जाड वायर, दोन्ही टोकांना फ्यूज, मध्ये ५० अँपिअरचा अँडरसन प्लग (मोठा करंट झेलणारा जोड) आणि ट्रेलरमध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीकडून येणारं व्होल्टेज ट्रेलरच्या बॅटरीला हवं तसं करून देणारा). लिथियम बॅटरी असेल तर हा चार्जर घ्याच, कारण ती अल्टरनेटरकडून झेपेल त्याहून जास्त करंट ओढू शकते. लिथियमचं आणखी एक पथ्य: शून्य अंशाखालच्या थंडीत ती चार्ज करायची नाही. तिच्यातली बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा) हे रोखते का, ते घेतानाच विचारा.

चौथी पातळी: बाहेरची २३० किंवा १२० व्होल्टची वीज आत घेणं, भिंतीत घरासारखे सॉकेट, मोठा इन्व्हर्टर. इथे १२ व्होल्टचा खेळ संपतो आणि जिवाशी गाठ पडते. एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी (२३० व्होल्टला साधारण ३० मिलिअँपिअरचा), धातूच्या चासीला पक्कं अर्थिंग आणि एसी (बाहेरची वीज) व डीसी (बॅटरीची वीज) वायरींचे पूर्ण वेगळे मार्ग, यातलं काहीही टाळता येत नाही. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, निदान तपासून तरी घ्या.

पण त्याआधी एक मधली वाट बघा. मुक्कामाच्या जागी प्लग मिळत असेल तर एक चांगला बॅटरी चार्जर लावा आणि आतलं सगळं १२ व्होल्टवरच चालू द्या. प्लगचा फायदाही मिळतो आणि भिंतीत एसीची एकही वायर जात नाही. चौथी पातळी हवी म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची गरज इथेच भागते.

पायरी ४: इन्व्हर्टरचा प्रश्न वेगळा सोडवा

"चहाची इलेक्ट्रिक किटली चालली पाहिजे" हे वाक्य वायरिंगचं रूप पालटतं. गंमत अशी की किटली वीज फारशी खात नाही. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला सुमारे ९३ वॅट-तास लागतात, गळती धरून ११०-१२०. अडचण करंटची आहे. १५०० वॅटची किटली इन्व्हर्टरवर लावली की १२ व्होल्टच्या बाजूला १३० अँपिअरच्या वर ओढ लागते. त्यासाठी बॅटरी ते इन्व्हर्टर ३५ ते ५० चौरस मिलिमीटरची वायर लागते, तीही हातभराच्या आतली. मोठा फ्यूज, वायरीच्या टोकांना दाबयंत्राने बसवलेले लग (धातूचे कडे) आणि एवढा करंट सलग देऊ शकणारी बॅटरी हे आलंच. गॅसच्या शेगडीवर हेच काम पाच-सात मिनिटांत होतं. पाणी तापवणं, इस्त्री, इंडक्शन, केस वाळवणं, म्हणजे उष्णतेची सगळी कामं छोट्या ट्रेलरच्या बॅटरीवर टाकू नका.

लॅपटॉपसाठीही इन्व्हर्टर लागतोच असं नाही. यूएसबी-सीवर चार्ज होणारा असेल तर १२ व्होल्टचं ६० किंवा १०० वॅटचं यूएसबी-सी सॉकेट थेट भिंतीत बसतं. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी बॅटरी खातो, वर रूपांतरात १०-१५ टक्के जातात ते वेगळेच. एखाद्या वस्तूला तो लागणारच असेल तर ३०० वॅटचा, प्युअर साइन वेव्हवाला (घरच्यासारखी सुरळीत वीज देणारा), स्वतंत्र स्विचवर ठेवा.

पायरी ५: वायरिंगचा सांगाडा आखा

पातळी दुसरी असो की तिसरी, सांगाडा तोच. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज. मग सगळं एका झटक्यात बंद करणारा आयसोलेटर स्विच. तिथून जाड वायर फ्यूज बॉक्सला आणि फ्यूज बॉक्समधून प्रत्येक सर्किटला वेगळी वायर. परत येणाऱ्या सगळ्या निगेटिव्ह वायरी एका बसबारवर (अनेक वायरी जोडायची धातूची पट्टी) आणि तिथून बॅटरीला. चासीचा निगेटिव्ह म्हणून वापर करून वायर वाचवण्याची कल्पना मोहक आहे, पण गंजलेल्या बोल्टपाशी दिवा मिणमिणायला लागला की शोधत बसावं लागतं. प्रत्येक वस्तूला दोन वायरी न्या.

मुख्य फ्यूज बॅटरीजवळ का, हे समजून घ्या. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर ओतते, लिथियम तर त्याहून जास्त. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कुणीच वाली नसतो, म्हणून तो तुकडा शक्य तितका छोटा ठेवायचा. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, वस्तूच्या नव्हे. त्यामुळे तो वायरीच्या जाडीवरून निवडायचा. हातचं राखून धरायचं तर १.५ चौरस मिलिमीटरला १० अँपिअर, २.५ ला १५, ४ ला २५. पात्याच्या फ्यूजना रंग ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्यूज उडतोय म्हणून वरचा रंग टाकायचा, हा आग लावायचा हमखास मार्ग.

घरातला एसीचा एमसीबी इथे चालवू नका. एसी करंट सेकंदाला शंभर-एकशेवीस वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते, डीसीला ती सवलत नाही. डीसीसाठी रेट केलेलेच ब्रेकर आणि स्विच घ्या.

बॅटरी किती उरली हे बघायला काय लावायचं? लेड-अ‍ॅसिडला साधा व्होल्टमीटर पुरतो: लोड काढून काही वेळाने १२.६-१२.७ म्हणजे भरलेली, १२.१-१२.२ म्हणजे निम्मी. लिथियमचं व्होल्टेज बराच काळ १३.२ च्या आसपास सपाट राहतं, त्यावरून काही कळत नाही. तिला शंटवाला मॉनिटर लागतो, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजून हिशोब ठेवणारा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे तिच्या पेटीला बाहेर उघडणारी हवेची वाट ठेवा.

पायरी ६: वायरीची जाडी

हात सैल सोडा म्हटलं ते मुख्यतः इथे. १२ व्होल्टला व्होल्टेज पडणं हा खरा शत्रू आहे. सूत्र सोपं: २ गुणिले अंतर मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५ (तांब्याच्या रोधाचा आकडा), भागिले वायरीचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. दोनने गुणायचं कारण करंट जातो तसा परतही येतो.

फ्रिजचंच उदाहरण घ्या. बॅटरी पुढे, फ्रिज मागे, वायरीचा मार्ग ५ मीटर. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर ८ अँपिअर ओढतो असं धरा. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १.४ व्होल्ट गळतात. बॅटरी निम्मी भरलेली, १२.२ वर, म्हणजे फ्रिजला पोचतात १०.८. बॅटरी वाचवायला फ्रिजमध्ये कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोय असते, ती अशा वेळी त्याला बंद करू शकते. मीटर बॅटरीवर लावला तर सगळं ठीक, फ्रिज मात्र पहाटे बंद. माणूस बॅटरीला शिव्या घालतो, नवी बॅटरी आणतो, आणि फ्रिज पुन्हा बंद. हीच वायर ४ चौरस मिलिमीटरची असती तर ०.३५ व्होल्टच गेले असते.

दिव्यांना ३ टक्क्यांपर्यंत पडलं तरी कळत नाही. फ्रिज, पंप आणि चार्जिंगच्या वायरी जाडच घ्या. आज फ्रिज नसला तरी त्याच्या जागेपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची जोडी आत्ताच ओढून, टोकं टेप लावून ठेवा.

वायर बारीक तारांची, मल्टीस्ट्रँड, शुद्ध तांब्याची हवी. घरातली एकसंध तार सततच्या हादऱ्यांनी तुटते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची वायर दिसायला तशीच आणि वजनाला हलकी. टोक खरवडलं की आत पांढरी दिसते. ती घेऊ नका.

पायरी ७: उद्यासाठी जागा

फ्यूज बॉक्स आज चार सर्किटं असतील तर आठचा घ्या. वायरी थेट भिंतीत न गाडता पाईपमधून न्या आणि प्रत्येक पाईपमध्ये एक दोरी ओवून ठेवा, म्हणजे पुढे नवी वायर बांधून ओढता येते. छतापासून बॅटरीच्या कप्प्यापर्यंत एक रिकामा पाईप सोडा, सोलर कधी घ्यावासा वाटला तर. बॅटरीच्या कप्प्यात आणखी एक बॅटरी मावेल इतकी जागा ठेवा, मात्र वजन अ‍ॅक्सलच्या किती पुढे-मागे पडतंय ते बघून. भिंत बंद करण्याआधी उघड्या सांगाड्याचे, मापाची टेप लावून, फोटो काढा. स्क्रू कुठे मारायचा नाही, ते पुढे त्यावरूनच कळतं.

पायरी ८: जोडणी आणि चाचणी

जोड क्रिम्पिंगचे, म्हणजे दाबून बसवलेले करा, रॅचेटवाल्या पक्कडीने, वरून हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). नुसत्या डागलेल्या जोडाजवळ वायर कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते. पत्र्यातून वायर जाईल तिथे भोकाला रबरी ग्रोमेट (कडं) घाला. वायर दर ३०-४० सेंटिमीटरला क्लिपने धरा. दोन्ही टोकांना नावाची पट्टी लावा.

भिंत बंद करण्याआधी सगळे फ्यूज काढून बॅटरी जोडा आणि एकेक फ्यूज घालत एकेक सर्किट तपासा. मग सगळं एकदम चालू करा आणि मल्टीमीटरने दोनदा मोजा: एकदा बॅटरीवर, एकदा सगळ्यात लांबच्या सॉकेटवर. फरक सूत्राने काढलेल्या आकड्याहून बराच जास्त आला तर एखादा जोड सैल आहे. अर्ध्या तासाने प्रत्येक जोडाजवळ हात नेऊन बघा. जो कोमट लागतो तो कापून पुन्हा करा. मल्टीस्ट्रँड वायर स्क्रूखाली दबून बसते आणि रस्त्याचे हादरे तिला आणखी सैल करतात. म्हणून पहिल्या प्रवासानंतर आयसोलेटर बंद करून फ्यूज बॉक्सचे, बसबारचे आणि बॅटरीचे सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. पॅनल कायमचं बंद करायचं ते त्यानंतर.